ओळखीचा दाखला

दुसऱ्याच्या चांगुलपणाबद्दल ग्वाही देण्याचे काम आम्ही तीस वर्षे केले. पगारात त्यासाठी वेगळी तरतूद नव्हती आणि कामाच्या वाटणीतही त्याचा उल्लेख नव्हता. परंतु नाव एकदा राजपत्रात छापून आले, की हिरव्या शाईचे पेन खिशात येते आणि त्यापाठोपाठ दाराशी माणसे येऊ लागतात. कोणाच्या गुणपत्रिकेची नक्कल खरी असल्याचे सांगावयाचे असते, कोणाचे छायाचित्र त्याचेच असल्याचे, तर कोणाचे शील निष्कलंक असल्याचे. ‘अमुक यांस मी गेली तीन वर्षे ओळखतो, ते माझे नातेवाईक नाहीत, माझ्या माहितीप्रमाणे त्यांची वर्तणूक चांगली आहे’ ही तीन वाक्ये आम्ही भोपाळात, कलकत्त्यात आणि चेन्नईत किती वेळा सही करून दिली याचा हिशेब नाही. ज्यांस तीन मिनिटेही पाहिले नव्हते, त्यांस तीन वर्षे ओळखत असल्याचे लिहून दिले, हेही कबूल करावयास हवे. वाचकांपैकी बरेचजण आमच्याच जातीचे, म्हणजे बदलीच्या जातीचे असल्यामुळे ही कबुली त्यांस फारशी धक्कादायक वाटणार नाही.

पुढे काळ बदलला. २०१४ च्या सुमारास केंद्र शासनाने स्वयंसाक्षांकनाचा पुरस्कार केला; आपल्या नकलेवर आपणच सही करावी आणि आपल्या खरेपणाची जबाबदारी आपणच घ्यावी, असे ठरले. दाराशी येणारी माणसे कमी झाली. त्यानंतर काही वर्षांनी आम्ही निवृत्त झालो, आणि परत कोठे जावयाचे हे न ठरल्यामुळे शेवटच्या बदलीच्या गावीच, मयिलापुरात, राहिलो. हिरव्या शाईचे पेन टेबलाच्या खणात वाळून गेले. दाखल्यांशी असलेला आपला संबंध संपला, असे आम्ही समजत होतो.

तो पुन्हा जुळविला आमच्या कन्येने. पुण्यास इंग्रजी विषय घेऊन ती पदवीधर झाली. अध्यापनाची पदवी तिने येथे तमिळनाडूत घेतली. आणि दोन वर्षे एका शाळेत शिकविल्यावर एके संध्याकाळी तिने सांगितले, की कोरियातील एका शाळेत इंग्रजीची सहायक शिक्षिका म्हणून जाण्याची संधी तिला मिळत आहे. आमच्या पत्नीने प्रथम विचारले, “तिथे जेवशील काय?” आम्ही विचारले, “तिथे इंग्रजी शिकवायला आपल्या लोकांना घेतात?” दोन्ही प्रश्न अज्ञानाचे होते, पण आमचा अगदीच निराधार नव्हता. इंग्रजी ही ज्यांची मायबोली मानली जाते अशा सात देशांच्या नागरिकांसाठीच त्या देशाने हा परवाना राखून ठेवला आहे. अमेरिका, इंग्लंड, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका हे ते सात. आपल्यासाठी दार किलकिले झाले ते एका व्यापारी करारामुळे. भारत व कोरिया यांच्यामधील हा करार २००९ च्या ऑगस्टमध्ये झाला आणि १ जानेवारी २०१० पासून अमलात आला. मोटारी, पोलाद आणि जकात यांच्या कलमांमध्ये कोठेतरी इंग्रजीच्या भारतीय सहायक शिक्षकांसही जागा मिळाली. मात्र त्याने इंग्रजीची पदवी घेतलेली असावी आणि शिकविण्याची अर्हताही त्याच्यापाशी असावी. श्रीपेरुम्बुदूरच्या कारखान्यातून मोटारी बाहेर पडतात हे आम्ही रोज पाहत होतो. त्याच व्यवहाराच्या शेपटास धरून आपली मुलगी बाहेर पडेल, हे मनात आले नव्हते.

मग कागदांची यादी आली. पदवीपत्र हवे, पण त्यावर शासनाचा शिक्का हवा. पोलिसांचा दाखला हवा, त्यावरही शिक्का हवा. आरोग्याचे निवेदन हवे. गेल्या दहा वर्षांत उमेदवार कोठे कोठे राहिला ते पत्ते हवेत. या शेवटच्या रकान्यात चार ओळींची जागा होती. आमच्या कन्येस पुरवणी जोडावी लागली. बदलीच्या नोकरीने बापास बढत्या दिल्या आणि मुलीस पत्ते दिले.

पत्त्यांपेक्षा अवघड निघाले ते नाव. महाराष्ट्रातील विद्यापीठाने तिचे आडनाव आधी, मग तिचे नाव, मग आमचे नाव, असे छापले होते. गुणपत्रिकेवर शेवटी आईचेही नाव होते. पारपत्रात आडनाव शेवटी गेले होते. आणि तमिळनाडूच्या रीतीप्रमाणे, जेथे आडनाव ही वस्तूच बहुतेकांपाशी नसते, अध्यापनाच्या पदवीवर तिच्या नावामागे आमच्या नावाचे एक आद्याक्षर लागले होते आणि आडनाव पार गळून पडले होते. एका मुलीच्या अशा तीन मुली झाल्या. उच्च न्यायालयाजवळ बसणाऱ्या एका नोटरीपुढे मुद्रांकित कागदावर तिला लिहून द्यावे लागले, की या तिन्ही नावांची व्यक्ती एकच असून ती मीच आहे. नोटरी मोठा मिस्कील गृहस्थ होता. शिक्का उमटविताना तो म्हणाला, “सार, माझ्याकडे दिवसाला दहाजण येतात, ‘मी मीच आहे’ म्हणून शपथ घ्यायला.”

पदवी ज्या राज्यातील, त्या राज्याच्या शिक्षण खात्याने ती आधी तपासावी असा नियम असल्यामुळे पुण्याच्या पदवीसाठी मुंबईस जाणे आले. रेल्वेने आम्हीच गेलो. रात्रभर वरच्या बाकावर उशाशी त्या पदवीचे लिंपण केलेले पाकीट होते आणि त्याच्या काळजीने झोप येत नव्हती. मुंबईचे काम झाल्यावर परराष्ट्र मंत्रालयाचा शेवटचा शिक्का चेन्नईतच मिळाला. पूर्वी या कामासाठी दिल्लीकडे पाहावे लागे. २०१९ पासून ही सोय चेन्नईसह अनेक शहरांत झाली आहे. ठरवून दिलेल्या संस्थेमार्फत कागद द्यावयाचा, आणि मंत्रालयाचे पन्नास रुपये शुल्क व संस्थेची हमाली भरावयाची, की काही दिवसांनी त्या कागदाच्या पाठीवर एक चौकोन चिकटून येतो. त्या चौकोनास ‘अपोस्टिल’ म्हणतात.

नोकरीतील जुन्या खोडीप्रमाणे आम्ही त्या चौकोनाचे मूळ शोधीत बसलो. शब्द फ्रेंच आहे, आणि त्याचा अर्थ समासात लिहिलेली टीप. ५ ऑक्टोबर १९६१ रोजी हेग येथे काही राष्ट्रांनी करार केला, की एका देशाचा कागद दुसऱ्या देशात चालण्यासाठी वकिलातीच्या पायऱ्या झिजविण्याऐवजी एक ठरीव नमुन्याची टीप पुरावी. तिची बाजू निदान नऊ सेंटिमीटरांची असावी, तिच्यात दहा रकाने असावेत आणि मथळा फ्रेंच भाषेत असावा, इतका बारकावा त्या करारात आहे. भारतात हा करार १४ जुलै २००५ रोजी लागू झाला. कोरियात बरोबर दोन वर्षांनी, १४ जुलै २००७ रोजी. पण खरा मौजेचा भाग पुढेच आहे. ही टीप कागदातील मजकुराबद्दल चकार शब्द काढीत नाही. कागदावर सही कोणाची आहे, सही करणारा कोणत्या अधिकाराने सही करतो आणि त्यावरील मोहोर खरी आहे की नाही, एवढेच ती सांगते. मुलगी हुशार आहे असे विद्यापीठ म्हणते. विद्यापीठाची सही खरी आहे असे राज्य म्हणते. राज्याची सही खरी आहे असे मंत्रालय म्हणते. प्रत्येकजण फक्त आपल्या आधीच्या माणसास ओळखतो. मुलीस ओळखणारा या साखळीत कोणी नाही.

आमच्या मराठीस ही साखळी नवी नाही. सनद, परवाना, दस्तक, राहदारी हे शब्द आम्ही पेशवाईपासून वापरीत आलो. कागदपत्रांची खातरजमा संगणकावरून करण्याची जी व्यवस्था केंद्र शासनाने २०१७ मध्ये सुरू केली, तिचे नावसुद्धा ‘ई-सनद’ असेच आहे. नाव वाचून आम्हांस एखादा आजोबा नातवाच्या विजारीत उभा असल्यासारखे वाटले.

राहिला पोलिसांचा दाखला. कोरियाने परदेशी भाषाशिक्षकांकडून तो घेण्याचे ठरविले ते २००७ च्या डिसेंबरात. त्याच्या दोन महिने आधी थायलंडात एका परदेशी शिक्षकास लहान मुलांवरील अत्याचारासाठी अटक झाली होती, आणि तो काही काळ कोरियातही शिकवून गेला होता. हे वाचल्यावर यादीबद्दलची आमची कुरकूर थांबली. आपल्या मुलीस कोणी संशयाने तपासावे याचा जो राग मनात होता, तो परक्या देशातील एखाद्या आईच्या जागी स्वतःस ठेवून पाहताच निवळला. कोणा अनोळखी माणसाच्या स्वाधीन आपले मूल रोज सकाळी करावयाचे, तर त्याच्याबद्दल चार ठिकाणी विचारावे, हे त्या आईचे मागणे काही अवास्तव नाही.

तरीही हा दाखला सांगतो काय, हे पाहावयास हवे. साळिग्रामम् येथील पारपत्र सेवा केंद्रात पाचशे रुपये भरून, टोकन घेऊन, एकामागून एक तीन खिडक्या ओलांडल्यावर जो कागद मिळतो, त्याचा मथितार्थ एवढाच असतो, की या व्यक्तीस परदेशप्रवासाच्या सवलती नाकाराव्या असे प्रतिकूल काही आमच्या दप्तरी आढळत नाही. चांगले काय आढळले याचा रकाना त्यात नाही. गृहपाठ न करणाऱ्या मुलास ती शाळा सुटल्यावर थांबवून कसे शिकवीत असे, मागील वर्षी वादळी पावसात शाळेत अडकलेल्या मुलींबरोबर ती रात्री नऊपर्यंत कशी बसून राहिली, हे कोणत्याही दप्तरात नाही. शासनास वाईटाची नोंद ठेवता येते. चांगल्याची ठेवता येत नाही.

हा दाखला मिळण्यापूर्वी चौकशीस एक हवालदार घरी आला. तरुण होता, विनयशील होता, आणि फिल्टर कॉफीस त्याने नाही म्हटले नाही. त्याने विचारले, “सोंद ऊर एदु?” आपले मूळ गाव कोणते? आम्ही वाईजवळच्या आमच्या गावाचे नाव घेणार, तोच कन्या म्हणाली, “चेन्नई.” हवालदाराने तसे लिहून घेतले. तो गेल्यावर आम्ही म्हटले, “अगं, आपलं गाव...” आमचे वाक्य तिने पुरे होऊ दिले नाही. “बाबा, तिथे मला कोण ओळखतं? उद्या तिथल्या पोलिसांनी विचारलं तर कोण सांगेल, ही चांगली मुलगी आहे म्हणून?”

याला आमच्यापाशी उत्तर नव्हते. गावी घर आहे, त्याला कुलूप आहे, आणि कुलपाची किल्ली भावकीत आहे. आम्हांसच तेथे ओळखणारी माणसे आता दोन आकड्यांत उरली नाहीत. ज्या गावाचे नाव आम्ही तीस वर्षे प्रत्येक अर्जात ‘कायमचा पत्ता’ म्हणून लिहिले, त्या गावी कायमचे असे काही राहिलेले नव्हते.

शेजाऱ्यांपैकी दोघांच्या सह्या हव्यात, असे हवालदाराने सांगितले होते. समोरच्या घरातील मामींस आम्ही सहा वर्षे पाहत होतो. पहाटे त्या दारापुढे कोलम काढीत आणि आम्ही फिरावयास निघत असू. मान हलविण्यापलीकडे आमचे संभाषण कधी गेले नव्हते. त्यांच्याकडे कागद घेऊन गेलो तेव्हा ‘कोठे, किती दिवस, कशासाठी’ असे प्रश्न त्या विचारतील, म्हणून उत्तरांची जुळवाजुळव करून गेलो होतो. मामींनी चष्मा लावला, कन्येचे नाव वाचले आणि सही केली. मग इंग्रजी व तमिळ यांच्या मिश्रणात म्हणाल्या, की ही मुलगी आमच्या नातीला परीक्षेच्या आधी महिनाभर रोज शिकवून जात होती. तुम्हांस ठाऊक नाही का? आम्हांस ठाऊक नव्हते. दुसरी सही कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याने केली. कोळशाची इस्त्री बाजूस ठेवून, हात पुसून, त्याने तमिळ अक्षरांत आपले नाव सावकाश लिहिले आणि त्याखाली आपला फोन क्रमांक घातला. त्यालाही काही विचारावेसे वाटले नाही. पोलीस चौकशीच्या कागदावर अशा माणसाने न कचरता आपले नाव लिहावे, याचे मोल नोकरीत असताना आम्हांस कळले नसते.

त्या रात्री आम्हांस झोप आली नाही, आणि त्याचे कारण मुलीचे जाणे हे नव्हते.

२०११ ची गोष्ट आहे. चेन्नईतील आमच्या पहिल्या बदलीच्या काळात कार्यालयात एक शिपाई होते. वीस वर्षे त्यांनी तेथे फायली वाहिल्या होत्या. एके दिवशी ते हात जोडून उभे राहिले. मुलास आखातात नोकरी मिळत होती, आठ दिवसांत पारपत्र हवे होते, आणि तातडीच्या पारपत्रासाठी त्या काळी वरिष्ठ अधिकाऱ्याचे पडताळणीपत्र लागत असे. या व्यक्तीस मी ओळखतो, तिचे शील व लौकिक चांगला आहे, असे त्यात लिहून द्यावे लागे. आम्ही म्हटले, “मी तुम्हांला ओळखतो, तुमच्या मुलाला नाही. न ओळखणाऱ्या माणसाबद्दल लिहून कसे देऊ?” वाक्य नियमास धरून होते. ते ‘बरे सार’ म्हणाले आणि गेले. त्याच महिन्यात आमच्या वरिष्ठांच्या एका परिचिताच्या मुलास आम्ही तेच पत्र दिले. त्यालाही आम्ही ओळखत नव्हतो. शिपायाच्या मुलाचे पारपत्र नेहमीच्या गतीने आले, आणि तोवर नोकरी गेली होती. हे आम्हांस नंतर दुसऱ्याच कोणाकडून समजले. त्यांनी स्वतः कधी विषय काढला नाही. आमच्या टेबलावर ते फायली पूर्वीप्रमाणेच ठेवीत राहिले, फक्त थोड्या अधिक सरळ.

आमच्या मनाने तेव्हा या गोष्टीस तत्त्वाचे नाव दिले होते. आता मामींची सही पाहिल्यावर ते नाव टिकेना. मुलगा आमच्या ओळखीचा नव्हता हे खरे. पण तो कार्यालयाच्या फाटकाबाहेर उभा होता. त्यास आत बोलावून खुर्ची द्यावी, कोठे शिकलास, काय करतोस हे विचारावे, यास दहा मिनिटे लागली असती. ओळख नाही असे म्हणणाऱ्याने ओळख करून घेण्याचे टाळले होते. आम्ही सत्यास जपत नव्हतो. आमच्या शाईस जपत होतो.

याच मयिलापुरात १८९१ मध्ये राजा सर टी. माधवराव निवर्तले. कुंभकोणमच्या मराठी घराण्यात जन्मलेला हा पुरुष मद्रासच्या हायस्कुलात, म्हणजे पुढे जे प्रेसिडेन्सी कॉलेज झाले त्या विद्यालयात शिकला, आणि १८४९ मध्ये त्रावणकोरच्या राजपुत्रांस इंग्रजी शिकविण्यासाठी परमुलखात गेला. शिक्षक म्हणून गेलेला तो तेथेच दिवाण झाला. पुढे इंदूर व बडोदे येथेही त्याने दिवाणगिरी केली. नदीवरून नदीवर जाणाऱ्या आम्हां बदलीवाल्यांचा तो मूळपुरुष म्हणावयास हरकत नाही. पॉवेल नावाच्या गुरूने त्यास वर्षानुवर्षे समोर बसवून शिकविले होते. शिष्य कसा आहे हे त्या गुरूस कोणत्याही दप्तरात पाहावे लागले नसते. आज जगाचा पसारा असा झाला आहे, की गुरूने दिलेल्या शब्दासही शिक्का लागतो. त्यास इलाज नाही. पण शिक्क्याच्या मुळाशी कोठेतरी एक प्रत्यक्ष ओळखणारा माणूस असावा, ही अपेक्षा जुनी म्हणून टाकून देण्याजोगी वाटत नाही.

पुढच्या रविवारी आम्ही रायपुरमला गेलो. शिपाई निवृत्त होऊन तेथे मुलापाशी राहत असल्याचे कार्यालयातून कळले होते. बस बंदरावरून जाते. या बंदराशी कोरियाचे एक जुने नाते आहे, आणि ते आम्हांस त्या दिवशी विशेष आठवले. १९५३ मध्ये कोरियातील युद्ध थांबल्यावर, स्वदेशी परतण्यास नकार देणारे युद्धकैदी सांभाळण्यासाठी भारताने तेथे फौज पाठविली. तिचे सेनापती आमच्या कोल्हापूरकडचे मेजर जनरल शंकरराव थोरात होते, आणि तटस्थ राष्ट्रांच्या आयोगाचे अध्यक्ष जनरल थिमय्या. काम संपवून फौज परतली तेव्हा तिच्याबरोबर अठ्ठ्याऐंशी माणसे आली. त्यांतील बहुतेक कोरियन होते आणि काही चिनी. उत्तरेकडेही नको, दक्षिणेकडेही नको, असे त्यांनी सांगितले होते. फेब्रुवारी १९५४ मध्ये ती याच मद्रास बंदरावर उतरली. त्यांच्याबद्दल ग्वाही देईल असा कोणताही देश पाठीशी नसलेली ही माणसे. त्यांस भारताने उतरू दिले, ठेवून घेतले. पुढे बरीचशी ब्राझील व अर्जेंटिनाकडे गेली, काही येथेच राहिली. ‘आम्ही यांस ओळखत नाही’ असे तेव्हा कोणी म्हटले असते तर ते नियमास धरूनच झाले असते.

शिपाई दारातच भेटले. केस पांढरे झाले होते, पण उभे राहण्याची पद्धत तीच होती. आम्हांस पाहून ते पुन्हा उभेच राहिले आणि आम्हांस त्यांस हाताला धरून बसवावे लागले. मुलगा बाजारात मोबाइल दुरुस्तीचे दुकान चालवितो. दोन नाती आहेत. ताक आले. आम्ही मुलीच्या जाण्याची हकीकत सांगितली आणि मग, जे सांगावयास गेलो होतो ते सांगितले. आमचे बोलणे त्यांनी मान खाली घालून ऐकून घेतले. नंतर त्यांच्या दप्तरी हिंदीत म्हणाले, “साहेब, तुम्ही बरोबरच केले होते. तुम्ही त्याला ओळखत नव्हता.” त्यात टोमणा नव्हता. असता तर आम्हांस सोपे गेले असते. बावीस वर्षांची नोकरी आणि ते एक वाक्य यांचा हिशेब त्यांनी स्वतःपुरता केव्हाच मिटविला होता. तो उघडण्याचा अधिकार आम्हांस नव्हता.

निघताना त्यांचा मुलगा दुकानातून आला. आम्ही त्यास प्रथमच पाहिले. उंच, सावळा, बोटांना डिंकाचा वास असलेला, मोकळा बोलणारा माणूस. बसथांब्यापर्यंत तो सोबत आला आणि मुलीच्या फोनमध्ये परदेशी कोणते कार्ड चालेल ते समजावून सांगत राहिला. ज्या पडताळणीपत्राची त्याला गरज होती ते शासनाने काही वर्षांपूर्वी रद्दच करून टाकले आहे. तेव्हा आज ते द्यावयाचे म्हटले तरी देता येत नाही.

कन्येचे सर्व कागद आता आले आहेत. पाकिटात तीन चौकोन, एक पोलिसांचा दाखला आणि ‘मी मीच आहे’ असे सांगणारी ती शपथ आहे. महिनाअखेरीस ती जाईल. तिच्या आईने मेतकुटाचे आणि गोडा मसाल्याचे डबे भरून ठेवले आहेत. ते कोणत्या रकान्यात दाखवावयाचे याची चर्चा घरात चालू आहे.

परवा सकाळी इस्त्रीवाला कपड्यांबरोबर आपल्या मुलास घेऊन आला. मुलास एका रखवालदार कंपनीत नोकरी मिळत होती आणि अर्जात परिसरातील दोन प्रतिष्ठित व्यक्तींच्या सह्या हव्या होत्या. ‘सार, तुम्ही एक करा’, असे म्हणून तो कागद पुढे करून उभा राहिला. आम्ही खणातील पेन काढले. ते उमटेना, म्हणून साधे निळे घेतले. मग कागद बाजूस ठेवला आणि मुलास म्हटले, “आधी बस. कॉफी घे. नाव काय तुझे?”